गरोदरपणातली कावीळ : एका चुकलेल्या अनुमानाचा इतिहास

श्रोतेहो, विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी यकृत, रक्त आणि बाळंतपण यांवर का बोलावं? कारण साधं आहे. या गोष्टीत औषधापेक्षा अनुमानाचा भाग मोठा आहे. डोळे पिवळे दिसले, त्यावरून आतल्या रोगाविषयी काय ठरवायचं? आपल्याकडे न्यायशास्त्राने ज्या प्रश्नावर दीड-दोन हजार वर्षं डोकं खपवलं तोच हा प्रश्न. फक्त इथे डोंगरावरचा धूर नाही, एका बाईचे डोळे आहेत आणि तिच्या पोटात मूल आहे.

आधी शब्दापासून सुरुवात करू. आपली 'कावीळ' म्हणजे संस्कृतातली 'कामला'. चरकसंहितेत ती पांडुरोगाच्या अध्यायात येते. पांडू म्हणजे फिकटपणा, आजच्या भाषेत साधारणपणे रक्तक्षय. रक्त कमी होणं आणि अंग पिवळं पडणं या दोन गोष्टी चरकाने शेजारी शेजारी बसवल्या, हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. आणखी एक गोष्ट त्याने केली. सगळी कावीळ एक नाही असं त्याने म्हटलं. एका प्रकारात रोग्याची विष्ठा वाटलेल्या तिळासारखी पांढुरकी होते, कारण पित्ताची वाट अडलेली असते. आजचा डॉक्टरही रोग्याला पहिल्यांदा हेच विचारतो : लघवी कशी, शौचाचा रंग कसा? म्हणजे 'पिवळेपणा हे चिन्ह आहे, त्याची कारणं अनेक' ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी. मग ती आपण विसरलो कशी?

विसरलो, कारण मधल्या काळात काविळीचा एक व्यवहार तयार झाला. आपल्या मराठवाड्यात तो सर्वांना ठाऊक आहे. काविळीची माळ घालायची. काड्यांचे किंवा मुळ्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफलेली ती माळ दिवसागणिक लांब होते, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर येते, आणि माळ उतरली तशी कावीळ उतरली असं मानतात. ओले तुकडे वाळले की आकसतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. निरोगी माणसाच्या गळ्यात घातली तरी लांबेल. खुंटीला टांगली तरी लांबेल. दुसरा प्रकार चुन्याच्या पाण्याचा. आंब्याच्या सालीचा रस हाताला लागलेला असला आणि हात चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळंधमक होतं. बघणाऱ्याला वाटतं, अंगातली कावीळच निघाली. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग गावोगाव करून दाखवलेले आहेत, ते आपण पुन्हा करत बसायला नको.

आपला मुद्दा वेगळा आहे. या उपायांवर लोकांचा विश्वास का बसला? लोक मूर्ख म्हणून नव्हे. पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. माळ घाला, नका घालू. शंभरातल्या नव्याण्णवांना गुण येतो, म्हणजे अनुभव माळेच्या बाजूने साक्ष देतो. न्यायशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर सहचार दिसला, व्याप्ती मात्र सिद्ध झालेली नाही. पण शंभरावी बाई जर सात महिन्यांची गरोदर असेल तर? तिच्याकडे सहा आठवडे नसतात. कधीकधी सहा दिवससुद्धा नसतात. माळ उतरायची वाट बघता बघता ती गुंगीत जाते, बडबडते, घरच्यांना वाटतं अंगात काहीतरी आलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त गोठायचं थांबलेलं असतं. जो उपाय इतरांच्या बाबतीत निरुपद्रवी, तोच तिच्या बाबतीत प्राणघातक होतो. तो विषारी असतो म्हणून नाही. तो वेळ खातो म्हणून.

आता इतिहासाकडे येऊ.

1955 सालचा पावसाळा. दिल्लीत यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीने पात्र थोडं बदललं. वजीराबादला शहराचं पाणी उचलण्याचं केंद्र, आणि त्याच्या जवळच नजफगढचा नाला नदीला मिळतो. पात्र सरकल्यामुळे त्या नाल्याचं घाण पाणी उलटं फिरून पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. नोव्हेंबरातली ही गोष्ट. पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्यांना घाण दिसली, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवलं. त्याचा परिणामही झाला, कारण कॉलरा-विषमज्वराची साथ आली नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि मग डिसेंबर-जानेवारीत कावीळ सुरू झाली. डोळे पिवळे झालेले रोगी मोजले गेले 29,300. काही आठवड्यांत, एका शहरात. जिवाणू मेले होते, विषाणू नळातून घरात पोचले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर पाण्यातून पसरलेल्या काविळीची इतकी बारकाईने नोंद तोवर जगात क्वचितच झाली असेल. डॉ. विश्वनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती केली, आणि 1957 साली इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चने त्यावर लेखांचा संचच काढला. त्यातला एक लेख नायडू आणि विश्वनाथन यांचा, फक्त गरोदर बायकांवर. साथीत इतर लोक आजारी पडले आणि उठले. गरोदर बायका मात्र दगावत होत्या, हे त्यांनी लिहून ठेवलं.

लिहून ठेवलं, पण अर्थ लागला नाही. त्या काळी विषाणूच्या काविळीचे दोन प्रकार मानत. एक तोंडावाटे होणारा, 'ए'. दुसरा रक्तावाटे, सुईवाटे होणारा, 'बी'. ही विभागणी 1947 मध्ये मॅकॅलम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने सुचवलेली. मग दिल्लीची साथ कुठली? पाण्यातून आली, म्हणजे 'ए'. अनुमान झालं, पाठ्यपुस्तकात गेलं, आणि पंचवीस वर्षं तिथेच राहिलं.

आपले नैयायिक एक दृष्टान्त देतात. धुरावरून अग्नीचं अनुमान चालतं, पण अग्नीवरून धुराचं चालत नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. अशा घसरणाऱ्या हेतूला ते सव्यभिचार हेतू म्हणतात. 'पाण्यातून आलेली कावीळ, म्हणून ए' हा नेमका तसा हेतू होता. आणि त्याला खोटं पाडणारा पुरावा समोरच पडलेला होता. 'ए'ची कावीळ आपल्या देशात लहानपणीच होऊन जाते. बहुतेक वेळा मुलाला नुसती कणकण येते, डोळे पिवळेही होत नाहीत, आणि शरीरात जन्मभराचं संरक्षण तयार होतं. मग दिल्लीत पंचविशी-तिशीच्या माणसांना 'ए' कशी झाली? ज्यांना लहानपणीच होऊन गेली त्यांना पुन्हा होऊ नये. हा प्रश्न विचारायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं. पण उत्तर द्यायला लागत होतं, आणि ते यंत्र सत्तरच्या दशकात आलं, कारण 'ए' विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तोच मुळी 1973 साली.

इथे आपलं पुणं गोष्टीत येतं. 1952 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. 1978 मध्ये त्याचं राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही, झालं. कोविडच्या दिवसांत हे नाव रोज टीव्हीवर ऐकलं असेल. त्या संस्थेच्या पहिल्या महिला संचालक डॉ. खोर्शेद पावरी. त्यांनी, एम. ए. श्रीनिवासन, एस. आर. प्रसाद यांनी आणि अमेरिकेतल्या वाँग व पर्सेल यांनी मिळून 1980 मध्ये लॅन्सेटमध्ये एक निबंध छापला. त्यांनी केलं काय? दिल्लीच्या 1955-56 च्या साथीतल्या रोग्यांच्या रक्ताचे जपून ठेवलेले नमुने बाहेर काढले. अहमदाबादेत 1975-76 मध्ये अशीच साथ झाली होती, तिथले नमुने घेतले. त्यांवर नव्याने निघालेल्या चाचण्या केल्या. ताज्या 'ए'चा पुरावा नाही. 'बी' नाही. मग हे तिसरंच काहीतरी आहे. त्याला नाव नव्हतं, म्हणून 'नॉन-ए, नॉन-बी' म्हणाले. आम्हां तत्त्वज्ञानवाल्यांना हे नाव भारी आवडतं. 'नेति नेति' म्हणत केलेली ही रोगाची व्याख्याच की!

पंचवीस वर्षांपूर्वीच्या रक्ताने साक्ष दिली, ही या गोष्टीतली आम्हाला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब आहे. ज्यांचं ते रक्त, त्यांतले कित्येक तोवर जगातही नसतील. 1956 मध्ये नमुना घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं की आपण कशासाठी जपतो आहोत. तरी जपलं. आपल्याकडे कागद जपत नाहीत, दप्तरं वाळवी खाते, ही तक्रार इतिहासाची माणसं नेहमी करतात. इथे तर बाटलीतलं रक्तद्रव जपलं गेलं आणि त्याने पाठ्यपुस्तक बदललं.

त्याच सुमारास काश्मीरात डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हे तरुण डॉक्टर खोऱ्यातल्या साथीमागे हात धुऊन लागले होते. 1978 च्या हिवाळ्यात तिथे कावीळ पसरली. ते गावोगाव फिरले, घरं मोजली, बायका मोजल्या. त्यांच्या 1981 मधल्या निबंधातले आकडे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय विषयाचं गांभीर्य कळत नाही. 208 गरोदर बायका होत्या, त्यांतल्या 36 जणींना कावीळ झाली. म्हणजे शंभरात सतरा. त्याच गावांतल्या गरोदर नसलेल्या बायकांत हे प्रमाण शंभरात दोन. आणि त्या 36 पैकी 8 जणींचं यकृत पूर्ण कोलमडलं. गरोदर नसलेल्या एकाही बाईचं तसं झालं नाही. पाणी एकच, विषाणू एकच, घरही एकच. सासू उठली, सून गेली.

का? गरोदरपणातले संप्रेरकांचे बदल म्हणा, पोटातल्या परक्या जिवाला सांभाळण्यासाठी शरीराने ढिली केलेली प्रतिकारशक्ती म्हणा, पोषणाची कमतरता म्हणा. सगळी कारणं मांडली गेली आहेत, शास्त्रज्ञांचं एकमत आजही नाही. इजिप्तसारख्या काही देशांत हाच रोग गरोदर बायकांना इतका मारक ठरत नाही, ही आणखी एक गाठ.

पुढची गोष्ट भराभर सांगतो. मिखाइल बालायान नावाचे सोव्हिएत शास्त्रज्ञ. अफगाणिस्तानात रशियन सैनिकांत कावीळ पसरली होती. रोग्यांच्या विष्ठेचा अर्क त्यांनी स्वतः घेतला, आजारी पडले आणि स्वतःच्या शरीरातून बाहेर पडलेला विषाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. 1983 मध्ये ते छापून आलं. (कुणी घरी करू नये.) 1990 मध्ये त्या विषाणूची जनुकीय मांडणी हाती आली आणि त्याला नाव मिळालं, हिपॅटायटिस 'ई'.

आणि महाराष्ट्र? 1981 मध्ये कोल्हापूर शहरात कावीळ पसरली. श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा रक्तचाचण्यांनिशी अभ्यास केला, तो 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष तोच : पाण्यातून आलेली, 'ए' नसलेली. मग 2012 मध्ये त्याच पंचगंगेच्या काठी, इचलकरंजीत हजारो लोकांना कावीळ झाली आणि माणसं दगावली. एकतीस वर्षांचं अंतर. या मधल्या काळात विषाणूला नाव मिळालं, त्याचा नकाशा मिळाला, चाचणी मिळाली, चीनमध्ये 2011 साली लसही निघाली. गटार आणि नळ यांच्यातलं अंतर मात्र तेवढंच राहिलं होतं.

आपण पैठणात बसून हे बोलतो आहोत, त्याला अर्थ आहे. हे गाव पाण्याचं आहे. प्रतिष्ठान नगरी गोदेच्या काठी वाढली, नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याने कावडीने पाणी भरलं अशी आपली श्रद्धा आहे, नाथषष्ठीला लाखो वारकरी इथल्या वाळवंटात उतरतात. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं, आणि तेव्हापासून नाथसागर संभाजीनगरासह किती गावांची तहान भागवतो. धरण झालं, म्हणजे पाणी आलं. पण पाणी येणं आणि शुद्ध पाणी येणं या दोन गोष्टी. आठवड्यातून एकदा-दोनदा नळ येतो तिथे बाकीचे दिवस पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपात बाहेरून ओढ लागते. शेजारून गटार गेलं असेल आणि सांध्याला चीर असेल तर त्यातलं पाणी आत शिरतं, आणि पुढच्या पाळीला ते सगळ्यांच्या हंड्यात जातं. याला कुठल्याही विषाणूशास्त्राची गरज नाही. हा प्लंबिंगचा प्रश्न आहे. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो की नाही, यावर एखाद्या सुनेचा जीव अवलंबून असतो, हे त्या माणसाला कुणी सांगितलेलं नसतं.

आता दुसरा भाग. गरोदर बाईला कावीळ झाली म्हणजे ती पाण्याचीच असंही नाही. इथेही हेतू घसरतो.

काही कावीळ गरोदरपणानेच होते. शेवटच्या तीन महिन्यांत काही बायकांच्या तळहातांना, तळपायांना रात्री भयंकर खाज सुटते. अंगावर पुरळ नाही, काही नाही. घरातल्या म्हाताऱ्या म्हणतात, बाळाला जावळ भरपूर आहे, म्हणून खाज. नाही तर उष्णता झाली. प्रत्यक्षात यकृतातून पित्त नीट वाहत नसतं आणि पित्ताम्लं रक्तात साठतात. आईचा जीव सहसा धोक्यात येत नाही, फक्त झोप उडते. पण ही पित्ताम्लं फार वाढली, लिटरमागे 100 मायक्रोमोलच्या वर गेली, तर मूल पोटातच दगावण्याचा धोका वाढतो. एक रक्तचाचणी केली तर हे कळतं. जावळाच्या गप्पांत ती राहून जाते.

दुसरा प्रकार अधिक उग्र. उलट्या, पोटात दुखणं, रक्तदाब वाढलेला, आणि यकृतात चरबी साठत चाललेली, किंवा रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून प्लेटलेट घसरत चाललेल्या. पहिला रोग 1940 मध्ये शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने इतर काविळींपासून वेगळा काढला. दुसऱ्याला 1982 मध्ये वाइनस्टाइन यांनी 'हेल्प' हे नाव दिलं, आणि योगायोग असा की ते लक्षणांच्या आद्याक्षरांचं झालेलं नाव 'मदत' या अर्थाच्या शब्दासारखंच ऐकू येतं. या दोन्हींत उपचार एकच : बाळंतपण लवकर उरकणं. मूल बाहेर आलं की यकृत सावरायला लागतं. उलट हिपॅटायटिस 'ई'मध्ये घाईने बाळंतपण केल्याने आईचं यकृत सुधारतं असं नाही, आणि रक्त गोठत नसताना घाई केली तर रक्तस्राव होतो.

म्हणजे बघा, डोळे तेवढेच पिवळे. एका बाईला ताबडतोब मोकळं करायचं, दुसरीला धीराने सांभाळायचं. फरक डोळ्यांत दिसत नाही, रक्तात दिसतो. आता चरकाचं ते वाटलेल्या तिळाचं निरीक्षण किती मोलाचं होतं ते कळेल. चिन्हाखाली चिन्ह शोधावं लागतं.

मग गरोदर बाईचं रक्त तपासायला आपण शिकलो कधी? याचीही एक मुंबईची कथा आहे, आणि त्यात यकृत आहे, पण वाटीतलं. 1926 मध्ये अमेरिकेत मिनो आणि मर्फी यांनी एका घातक रक्तक्षयावर रोग्यांना कच्चं यकृत, म्हणजे काळीज, खायला घालून गुण आणला. 1928 मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर भारतात आल्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर इथे बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करत होत्या, त्यांनी बोलावलं म्हणून. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स बसल्या. गिरणगावातल्या गरीब गरोदर बायकांमध्ये एक रक्तक्षय होता, तांबड्या पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने थोड्या. विल्स यांनी बायकांचं रक्त तपासलं, जेवण तपासलं, उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी यीस्टचा अर्क दिला. तोच तो ब्रिटिशांच्या न्याहारीच्या पावाला लावायचा काळा चिकट मार्माइट. बायका सुधारल्या. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते आलं. त्यातला जो अज्ञात घटक, त्याला बरीच वर्षं 'विल्स घटक' म्हणत. 1941 मध्ये तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला आणि पानावरूनच त्याला फॉलिक ॲसिड नाव पडलं. पुढे ते कारखान्यात तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. आज आशाताई घरी येऊन ज्या गोळ्या देतात त्यांतला अर्धा इतिहास परळचा आहे. बायका त्या गोळ्या उंबऱ्याबाहेर टाकतात, मळमळतं म्हणून, हेही आपल्याला ठाऊक आहे.

मुंबईतच 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट लॅन्सेटमध्ये नोंदवला, तो जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. गरोदर बाईचा रक्तगट आधी माहीत असावा, हा आग्रह त्याच काळात वाढत गेला. आईचं रक्त आरएच निगेटिव्ह आणि मुलाचं पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर मुलाच्या रक्ताविरुद्ध उभं राहतं, पुढच्या मुलाला जन्मल्यावर लगेच कावीळ होऊ शकते. बघा, कावीळ पुन्हा आली. 1968 पासून त्यावर प्रतिबंधक इंजेक्शन मिळू लागलं.

आणि 'बी'. 1965 मध्ये ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं. ते शोधत होते भलतंच, माणसामाणसांच्या रक्तातले आनुवंशिक फरक. सापडला 'बी'चा विषाणू. 1976 चं नोबेल त्यांना मिळालं. 'ई' बाईला मारतो. 'बी' बहुधा तिला काहीच करत नाही, ती ठणठणीत असते. पण बाळंतपणाच्या वेळी तो मुलात जातो, आणि नवजात मुलाला झालेला 'बी' शंभरातल्या सुमारे नव्वदांच्या शरीरात कायमचा राहतो. तीस-चाळीस वर्षांनी यकृत आक्रसलं किंवा कर्करोग झाला तर कुणालाही आठवत नाही की ही देणगी जन्माच्या दिवशीची आहे. उपाय मोठा नाही. आईचं रक्त आधी तपासायचं, आणि मुलाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिली लस द्यायची. आपल्या देशात ही लस 2002 पासून काही ठिकाणी आणि 2011 नंतर सर्व राज्यांत आली, 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते, त्यात एचआयव्ही, सिफिलिस यांच्याबरोबर 'बी' ही आहे.

इथे एक अडचण येते, ती वैद्यकाची नव्हे. 'बी' पॉझिटिव्ह असा कागद बाईच्या हाती पडला की घरात पहिला प्रश्न काय येतो? 'हे कुठून आणलंस?' वास्तविक तिला तो तिच्या आईकडून, जन्मतः मिळालेला असू शकतो. पण सासरी तो चारित्र्याचा दाखला ठरतो. तिची भांडी वेगळी होतात. एकत्र जेवल्याने हा रोग पसरत नाही. चाचणी मुलाच्या रक्षणासाठी आहे, ती बाईवरचा खटला होता कामा नये. म्हणून निकाल कुणासमोर सांगायचा, कसा सांगायचा, नवऱ्याचीही तपासणी त्याच वेळी का करायची, या गोष्टी चाचणीइतक्याच महत्त्वाच्या आहेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

ज्ञान नेहमी तारक असतं असं मानायची आमच्या विषयाची जुनी सवय. मराठवाड्याने तिला चांगला धडा दिला आहे. गर्भाबद्दल आधीच कळण्याची सोय आली आणि आपण तिचं काय केलं? महाराष्ट्राने 1988 मध्ये गर्भलिंग निदानावर कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा 1994 मध्ये आला. तरी 2011 च्या जनगणनेत गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या 807. आज आईच्या दंडातल्या रक्तातूनच गर्भाची गुणसूत्रं वाचता येतात, कारण 1997 मध्ये डेनिस लो यांनी दाखवून दिलं की गर्भाच्या डीएनएचे तुकडे आईच्या रक्तात तरंगत असतात. डाउन सिंड्रोमची चाचणी म्हणून ती होते, आणि लिंग सांगायला कायद्याने बंदी आहे. पण त्या नळीत ते उत्तर असतंच. एकाच दंडातून, एकाच सुईने काढलेलं रक्त. एक चाचणी म्हणते, या बाईला वाचवा. दुसरीचा गैरवापर झाला तर ती म्हणेल, या मुलीला नको. म्हणून 'रक्त तपासणी चांगली की वाईट' हा प्रश्नच आम्हाला निरर्थक वाटतो. कोण विचारतंय, कशासाठी, आणि उत्तर कुणाच्या हाती जातंय, एवढंच विचारावं.

शेवटी ज्यांच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही त्यांच्याविषयी. दिवाळीच्या सुमारास आपल्या आणि बीडच्या भागातून ऊसतोड कामगारांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. 'कोयता' म्हणतात जोडीला. बाई गरोदर असली तरी जाते, कारण उचल घेतलेली असते. आशाताईकडची नोंद गावी राहते, बाई फडात. तिथे पाणी मिळेल ते, कालव्याचं, ओढ्याचं. 9 तारीख येते आणि जाते. तिचा रक्तगट कुणी पाहत नाही, हिमोग्लोबिन पाहत नाही, 'बी' पाहत नाही. डोळे पिवळे झाले तर मुकादम सांगेल त्या माणसाकडे नेतात. दिल्लीच्या बायकांची निदान नोंद झाली. काश्मीरच्या बायका खुरूंनी घरोघर जाऊन मोजल्या. उसाच्या फडातली बाई कुठल्या जिल्ह्याच्या वहीत मोजायची, जिथून ती गेली त्या, की जिथे ती आजारी पडली त्या, हे पक्कं ठरवून तिची नोंद गावाकडून कारखान्याच्या गावी पाठवता येते. अवघड नाही. माता-बाल संरक्षण कार्ड प्रत्येकीला मिळतं, ते तिने ट्रॅक्टरमध्ये बसताना बरोबर घ्यावं आणि कारखान्याच्या गावातल्या नर्सताईने ते मागून बघावं, इथून सुरुवात होऊ शकते.

आज समोर काही आशाताई बसल्या आहेत. त्यांना विचारायचं असेल तर त्यांनी आधी विचारावं, बाकीच्यांचे प्रश्न आपण नंतर घेऊ.